डाव्या हाताची मुरड

आउलीचा डावा हात सारखा मध्ये घुसायला बघत होता.

"त्याला नुसतं धरायचं काम दे," समोर बसलेली कैसू म्हणाली. "मुरड उजव्यानेच घाल. आणि एवढी बारीक नको गं बाई! माझी मुरड कधी एवढी बारीक असते का? जरा ओबडधोबड येऊ दे. मी आळशी आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"तुझ्याइतकी वाईट घालायची म्हणजे सोपं काम नाही," आउली मान वर न करता म्हणाली.

"बघ बाई. माझ्याच नावाने जाणार आहेत ते."

टेबलावर राय धान्याच्या काळसर पिठाच्या पाऱ्या एकीवर एक रचलेल्या होत्या, इतक्या पातळ की खालच्या पारीचा काठ वरच्या पारीतून दिसावा. शेजारी पातेल्यात दुधात आटवलेला भात निवत होता. पारीच्या मध्ये भात पसरायचा, दोन्ही कडा आत वळवायच्या आणि चिमटीचिमटीने मुरड घालत टोकापर्यंत जायचं, की होडीसारखा पीराक्का तयार होतो. मग तो तापलेल्या भट्टीत जातो आणि बाहेर आल्यावर दूध-लोण्यात बुडून निघतो. हे काम आउली सात वर्षांची असल्यापासून करत आली होती. आज तिला एकेक पीराक्का वळायला एरवीपेक्षा तिप्पट वेळ लागत होता, आणि एक झाला की ती डावा हात पटकन एप्रनच्या खिशात घालून ठेवत होती. बाहेर राहिला तर तो आपणहून पुढचा पीराक्का उचलेल, अशी तिला भीती होती.

कारेलियाच्या या टोकाला, रशियाच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या या गावात, मुरडीवरून बाई ओळखतात. चर्चच्या चहापानाला दहा घरची ताटं एका टेबलावर आली तरी कुठलं कुणाचं हे विचारावं लागत नाही. एकीची मुरड विरळ, एकीची दाट, एकीची टोकाशी गेल्यावर कंटाळलेली. पण आउलीची मुरड तर लहान मूलही ओळखायचं, कारण ती उलटी होती. उजव्या हाताची बाई जशी चिमटी घेत पुढे सरकते तशा तिच्या घड्या एका बाजूला कलतात. डावखुऱ्या बाईच्या घड्या बरोबर विरुद्ध बाजूला कलतात, आरशात पाहिल्यासारख्या. शाळेत बाईंनी आउलीच्या डाव्या हातावर पट्टी मारून पेन्सिल उजव्या हातात दिली होती, आणि ती आजही उजव्यानेच लिहायची. स्वयंपाकघरात मात्र तिच्या आईने तो हात मोकळा ठेवला होता.

आज तो बांधायची वेळ आली होती, कारण हे पीराक्के तळ्यापलीकडे, तिच्याच मुलीकडे जायचे होते. मारिका बाळंत झाली होती.

आउलीला ही बातमी कैसूकडून कळली. कैसूला ती दुकानात कळली, आणि दुकानात ती मारिकाच्या नवऱ्याने, यार्नोने, लंगोटांचं पाकीट घेता घेता सांगितली होती. मुलगा आहे. दोघंही ठीक आहेत. नाव अर्थातच कुणाला ठाऊक नाही. बारशाआधी ते सांगायचं नसतं.

बातमी आल्यापासून गावच्या बायका रोतिना घेऊन तळ्यापलीकडे जात होत्या. बाळंतिणीसाठी घरून करून न्यायचं जेवण म्हणजे रोतिना. टोपलीवर पांढरं फडकं टाकायचं, गरम असतानाच पोचवायचं, बाळाला बघायचं, दोन शब्द बोलायचे आणि बाळंतिणीला थकवा यायच्या आत उठायचं. आउलीने गेल्या चाळीस वर्षांत या गावातली एकही बाळंतीण चुकवली नव्हती. पाद्र्याची बायको, कैसूच्या दोन्ही सुना, इतकंच काय, लाकडाच्या वखारीवर कामाला आलेल्या परदेशी जोडप्याची बाई, जिला पीराक्का कुठल्या बाजूने धरायचा हेही माहीत नव्हतं, तिच्याकडेसुद्धा आउलीची टोपली गेली होती.

एकच घर राहिलं होतं, मारिकाचं.

"बाळाला दात तरी कुठे असतात," कैसू म्हणाली. ती भात लागलेलं बोट चाटत होती. "आपण म्हणतो बाळासाठी नेतो. खाते सगळं आईच. आणि आईच्या नावाखाली बाप."

आउली हसली नाही. ती ज्या पीराक्क्यावर होती त्याची मुरड नकळत उलट्या बाजूला कलू लागली होती. तिने तो मोडला, पारी चेंडू करून बाजूला ठेवली आणि नवी घेतली.

"आउली, एकदा सरळ जा ना तिच्याकडे."

"नाताळात पार्सल पाठवलं होतं, कैसू. लोकरीची शाल आणि मोजे. जसं बांधलं होतं तसं परत आलं. दोरीची गाठसुद्धा माझीच होती."

"ते नाताळात."

"माझं नाव असलं की परत येणार. तुझं असलं की ती खाईल. मला तिने खाल्लेलं पाहिजे आहे. बाकी काही नको."

कैसूने मान हलवली. बाकी काही नको म्हणणाऱ्या बाईला खरं तर सगळंच हवं असतं हे तिला कळत होतं, पण आउली तिची सख्खी शेजारीण होती आणि हट्टी होती. तिने टोपलीत फडकं अंथरलं.

---

दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत मारिकाचं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आउलीचा नवरा ताउनो त्याच वर्षी वसंतात वारला होता, आणि त्या वर्षी घरात ऐकू येतील असे शब्द फारसे उरले नव्हते. आउली बस पकडून शहरातल्या हॉस्पिटलमध्ये पोचली. खोलीच्या दारात उभं राहिल्यावर तिला मारिकाचा चेहरा दिसला आणि काहीतरी बोललं पाहिजे असं वाटलं. ती म्हणाली, "निसर्गाला कळतं, पोरी. त्यात काहीतरी बिघाड असणार. आत्ताच झालं हे बरं झालं."

तिने आयुष्यभर गाई पाळल्या होत्या. गाभडलेल्या गाईशेजारी ती कितीदा तरी पहाटेपर्यंत बसली होती. जे टिकत नाही त्यात बहुतेकदा आधीपासूनच काहीतरी चुकलेलं असतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डॉक्टरही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच म्हणाले होते. ते वाक्य आउलीला अजूनही खोटं वाटत नव्हतं. तीच तर अडचण होती. खोटं असतं तर तिने ते केव्हाच मागे घेतलं असतं.

आठवड्याभराने मारिका एकदा या स्वयंपाकघरात आली होती. ती कोट न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "तू सगळ्यांकडे रोतिना नेतेस. त्या वखारीवरच्या बाईकडेसुद्धा नेलीस. माझ्याकडे रिकाम्या हाताने आलीस."

"अगं, जिथे बाळच नाही तिथे रोतिना कोण नेतं?" आउली म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता.

मारिकाने कोटाची बटणं लावली. लावताना आतला शर्ट दिसला. मग ती गेली, आणि तळ्याच्या या बाजूला पुन्हा आली नाही.

तळं रुंद नाही. पानगळीनंतर आउलीच्या खिडकीतून मारिकाच्या घराचं धुराडं दिसतं, हिवाळ्यात धूर दिसतो, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा. तो कधी लागतो आणि कधी मालवतो हे आउलीला न बघताही माहीत असायचं.

---

कैसू परत आली तेव्हा दुपार कलली होती. तिने पाय मारत चालवायची घसरगाडी पायरीला टेकवली आणि गुडघ्याच्या नावाने ओरडतच ती आत आली.

"खाल्लं?" आउलीने विचारलं.

"अगं, श्वास तरी घेऊ दे."

"खाल्लं का?"

"खाल्लं. एकापाठोपाठ एक. अंडं-लोणी लावून, उभ्याउभ्या, ओट्यापाशीच. यार्नोने हात पुढे केला तर त्याच्या हातावर चापट मारली."

आउली खाली बसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पिठाने राखाडी झालेल्या बोटांकडे पाहत राहिली. मारिका लहान असताना अशीच उभ्याने खायची, भट्टीसमोर, तोंड भाजेपर्यंत.

"आणि तो? कुणासारखा आहे?"

"लाल आहे. तळघरातल्या जुन्या बटाट्यासारखा. सगळेच तसे असतात." कैसू हातमोजे काढत होती, एकेक बोट ओढून, लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लावून. "केस आहेत. काळे. ताउनोचे होते तसे."

"मग झालं तर," आउली म्हणाली. "झालं."

कैसू काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे गावातल्या कुत्र्यालाही कळलं असतं.

"काय?"

"ती प्रत्येक टोपली उघडून बघते, आउली."

"म्हणजे?"

"मी टोपली ठेवली तर तिने आधी मला कॉफी विचारली नाही, बस म्हणाली नाही. फडकं काढलं आणि एक पीराक्का उचलून खिडकीपाशी उजेडात नेला. मुरड बघितली. मग ठेवला. मी म्हटलं, काय गं, माझ्या मुरडीत खोट काढतेस? तर म्हणाली, नाही मावशी, मी सगळ्यांच्याच बघते. पहिल्या दिवसापासून बघते आहे. आईची कुठल्यातरी टोपलीत येईल असं वाटत होतं."

भट्टीत लाकूड तडकलं. आउलीने तिकडे पाहिलं नाही.

"म्हणाली, आई स्वतः यायची नाही हे मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या टोपलीत दोन सरकवेल, खाली, फडक्याखाली. मला कळतील हे तिला माहीत आहे. एक जरी आला असता ना मावशी, तरी मी फोन केला असता."

आउलीचा डावा हात पुन्हा एप्रनच्या खिशात गेला.

"मग मी शब्द मोडला," कैसू म्हणाली. "मोडला म्हणजे मोडला. मी म्हटलं, पोरी, हे जे तू आता खाल्लेस ना, ते सगळे तुझ्या आईचेच आहेत. मी नुसती हमाल."

"काय म्हणाली?"

"माझ्याकडे कसं बघितलं माहीत आहे? तिच्या लहानपणी मांजर मेलं तेव्हा आपण सांगितलं होतं की ते जंगलात राहायला गेलं. तसं. म्हणाली, नको मावशी. तुम्ही चांगल्या आहात, पण असं नको. आईचा हात मला कळतो."

"तू सांगितलं नाहीस, उजव्या हाताने..."

"सांगितलं! सगळं सांगितलं. खिशात हात घालून बसली होती म्हणून सांगितलं." कैसूचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "ते सांगायला नको होतं. ती म्हणाली, म्हणजे खोटं असेल तर तिने काही पाठवलं नाही. आणि खरं असेल तर पाठवलं, पण आपला हात लपवून पाठवलं. यातलं बरं कुठलं, तुम्हीच सांगा."

बाजूला ठेवलेला मोडक्या पीराक्क्यांचा चेंडू वाळून वरून भेगाळला होता. त्यात चुकून डाव्या हाताने घातलेल्या तीन-चार मुरडी असतील. त्यांतला एक जरी तसाच टोपलीत गेला असता तर, हे दोघींच्याही मनात आलं आणि दोघींनीही ते बोलून दाखवलं नाही.

"मग आता?" आउलीने शेवटी विचारलं.

"आता तो हात काढ खिशातून," कैसू म्हणाली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी आउलीने भट्टी नव्याने पेटवली. लाकडं जळून निखारे झाले, निखारे बाजूला सारले. तिने चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर टाकलं आणि ते किती वेळात काळं पडतं ते पाहिलं. मग पाऱ्या लाटल्या.

डावा हात एका दिवसाच्या सुट्टीवरून आल्यासारखा कामाला लागला. त्याला काही सांगावं लागलं नाही. मुरडी एकीला एक लागून, एकाच बाजूला कलत, शिंपल्याच्या रेघांसारख्या पडत गेल्या. तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तिला तो शर्ट आठवत होता.

त्या दिवशी, कोटाची बटणं लावताना, मारिकाच्या शर्टावर छातीशी दोन ओले डाग होते. आउलीने ते पाहिले होते. पाचव्या महिन्यात गेलं तरी दूध येतं. गाईलाही येतं. बाळ राहिलं नाही ही बातमी अंगाला उशिरा पोचते, तोवर ते आपलं काम करत राहतं. हे आउलीला त्या वेळीही ठाऊक होतं. ते डाग काय आहेत हे तिला लगेच कळलं होतं, आणि कळल्यावर ती भांडी विसळायला वळली होती.

म्हणजे ती बाळंतीणच होती.

आउलीचा हात थांबला. बाळाला दात तरी कुठे असतात, खाते सगळं आईच, असं कैसू म्हणाली होती. चाळीस वर्षं आउलीने टोपल्या नेल्या, आणि आपण त्या कुणासाठी नेतो याचा तिने कधी विचार केला नव्हता. ज्या अंगातून मूल बाहेर आलेलं आहे त्या अंगासाठी त्या असतात. ते मूल पाळण्यात आहे की नाही हे टोपलीने विचारायचं नसतं.

तिने उरलेले पीराक्के वळले. दुधा-लोण्यात बुडवले, फडक्यात गुंडाळले. सोबत जवाची लापशी बरणीत भरली, आणि भाजलेलं ताजं चीज, वर काळे डाग पडलेलं, जे मारिकाला लहानपणी त्या डागांसाठीच आवडायचं. टोपली भरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ही नव्या बाळाची टोपली नाही. ही दोन वर्षं उशीर झालेली आहे.

मार्चचा बर्फ अजून पक्का होता. तळ्यावरून गाडीवाटेइतकी पट्टी मोकळी केलेली होती. आउलीने टोपली घसरगाडीच्या बैठकीवर बांधली आणि पाय मारत निघाली. कैसूच्या खिडकीचा पडदा हलला, पण कैसू बाहेर आली नाही. तिच्या आयुष्यातला हा बहुधा सगळ्यात मोठा संयम असेल.

मारिकाच्या अंगणात यार्नोची गाडी नव्हती. ओसरीवर, दाराच्या बाजूला, बाबागाडी उभी होती. छप्पर पूर्ण ओढलेलं, वर जाळीचा पडदा. बाळ बाहेर झोपवलं होतं, गावात सगळ्यांचीच झोपवतात तसं, थंड हवेत गाढ झोपावं म्हणून. आउली पायऱ्या चढली आणि गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. आतून काहीच आवाज नव्हता.

तिने दार वाजवायला हात उचलला, तर दार उघडलं. मारिकाने तिला तळ्यावरून येताना पाहिलं असणार.

मारिकाने ताउनोचा जुना लोकरी स्वेटर घातला होता, कोपरावर ठिगळ असलेला. चेहरा सुजलेला, केस न धुतलेले. ती काही बोलली नाही. आउलीनेही तोंड उघडलं नाही. एकदा ती दारात उभी राहून आधी बोलली होती. तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

मारिकाने एक पीराक्का उचलला. तिने अंगठा मुरडीवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे मिटून.

"म्हणजे येते तुला अजून," ती म्हणाली.

"येते."

"मग कालचे?"

"तेही माझेच. उजव्या हाताने वळले होते. तू परत पाठवशील म्हणून."

"लपून."

"हो. लपून."

मारिकाने पीराक्का परत ठेवला, फडक्याच्या खाली, नीट. "बाळासाठी आणलेस?"

"नाही," आउली म्हणाली. "हे आधीचे आहेत. तेव्हा आणायचे राहिलेले."

"आधीचे म्हणजे कुणाचे?"

"तुझे. तुझ्या शर्टाला दूध लागलं होतं. मी बघितलं होतं. बघितलं, आणि भांडी विसळत बसले."

मारिकाने दाराची चौकट धरली. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुठेतरी छपरावरून बर्फाचा थर सरकला आणि अंगणात धप्पकन पडला. दोघींनी एकाच वेळी बाबागाडीकडे पाहिलं. बाळ उठलं नाही.

"नाव काय होतं त्याचं?" आउलीने विचारलं.

"दोन वर्षं झाली, आई."

"हो."

"कुणी विचारलं नाही. यार्नोच्या आईने नाही, पाद्र्याने नाही. सगळ्यांना वाटलं, नावच नसणार." ती बोलता बोलता थांबली, स्वेटरच्या बाहीत हात ओढून घेतले. "ताउनो."

आउलीने टोपली दोन्ही हातांनी धरली.

"मुलगा होता. बाबांचं नाव ठेवलं होतं आम्ही. तू येणार म्हणून कळलं तेव्हा मी यार्नोला म्हटलं, आईला मी स्वतः सांगते. तुला सांगायला मी उठून बसले होते." मारिकाचा आवाज अगदी सपाट होता. ती हे मनात फार वेळा बोललेली असणार. "तू दारातूनच बोलत आलीस."

आउलीला काही म्हणायचं होतं. तिच्याजवळ असलेला प्रत्येक शब्द तिने आतल्या आत उचलून पाहिला आणि परत ठेवला. निसर्गाला कळतं. अजूनही ते खोटं नव्हतं, आणि अजूनही ते कुठल्याच कामाचं नव्हतं.

"ताउनो," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून तिने ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आता ते कुणाचं म्हणून उच्चारलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

मारिकाने टोपली तिच्या हातून घेतली. घेताना तिची बोटं आईच्या डाव्या हातावर क्षणभर टेकली, की नुसती टोपलीचा कान शोधत होती, हे आउलीला कळलं नाही.

"आज आत नको," मारिका म्हणाली. "मला जमणार नाही, आई. आज नाही."

"बरं."

"टोपली राहू दे."

"राहू दे. घाई नाही."

"त्याला उठवू नकोस. आत्ताच झोपलाय."

दार लागलं. कडी सरकवल्याचा आवाज आला नाही. आतून पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि थांबली. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो दुसरा आवाज, जो आउलीला मारिकाच्या लहानपणापासून माहीत होता. मारिका रडताना तोंडात काहीतरी धरते, उशीची कड, बाही. आज कदाचित पीराक्का.

आउली ओसरीवर उभी राहिली. बाबागाडी हातभर लांब होती. जाळी उचलायला एक बोट पुरलं असतं. आत काळे केस होते, ताउनोसारखे, कैसूने पाहिलेले, गावातल्या सगळ्या बायकांनी पाहिलेले. कुणाला कळलंही नसतं.

तिने जाळी उचलली नाही. न विचारता, लपून, कैसूच्या टोपलीतून, ती एकदा या घरात येऊन गेली होती.

गाडीच्या छपराच्या पुढच्या काठावर, कापडाच्या शिवणीपाशी, पांढरे बारीक काटे उभे राहिले होते. बर्फ वरून पडलेला नव्हता, तो आतून आला होता. आतली ऊब श्वासाबरोबर जाळीतून बाहेर येत होती आणि काठाला लागून गोठत होती. आउलीने हातमोजा काढला आणि डाव्या हाताचं बोट त्या काट्यांवर टेकवलं. ते लगेच वितळले. बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब राहिला. तो तिने पुसला नाही. हातमोजा खिशात ठेवून, उघडा हात पुढे धरून, ती पायऱ्या उतरली.